सकाळीच भरलेला संध्याकाळचा तक्ता

प्रिय टिटवी,

हे नाव तुला मोठ्या सरांनी चिडून ठेवलं होतं, पण आम्ही सगळ्याजणी ते लाडाने घ्यायचो, म्हणून तसंच लिहिते. नव्या दवाखान्यात रुळलीस असं लॅबच्या बाईंकडून कळलं. पाय अजून सुजतात का गं? घट्ट मोजे घालत जा. मी अजून आपल्याच अतिदक्षता विभागात, त्याच इन्चार्जच्या खुर्चीवर आहे. आणि खरं सांगू? हल्ली दारातून आत पाऊल टाकलं की मला किळस येते.

रक्ताची, पुवाची नाही. ते तीस वर्षं हाताळलं. किळस येते ती दाराबाहेरच्या चकचकीत फलकाची. 'संसर्गाविना दोनशे दहा दिवस.' रोज सकाळी आकडा बदलतो. तो कसा टिकवतात ते तुला काय सांगायचं! ताप चढला तरी रक्त तपासायला पाठवायचं नाही, गुपचूप औषध वाढवायचं. तपासलंच नाही तर सापडणार काय, कपाळ? साबणाच्या बाटलीत इतक्यांदा पाणी ओतलंय की आता नुसता वास उरलाय. ज्या हातमोज्यांनी एकाचा कफ ओढायचा त्याच हातमोज्यांनी फोन घ्यायचा, आणि तसंच दुसऱ्याची सलाइन जोडायला जायचं. आणि हात धुतल्याचा संध्याकाळचा तक्ता? तो सकाळच्या चहाबरोबरच भरून तयार. एकाच पेनाने, एका दमात मारलेल्या सगळ्या खुणा.

चार नंबरच्या खाटेवरच्या शिवणकामवाल्या बाई तुझ्या डोळ्यांसमोरून गेल्या नसतीलच. अपघातातून वाचल्या होत्या. श्वासाची नळी काढली त्या दिवशी त्यांनी आधी चष्मा मागितला, आणि तुझ्या बाहीची उसवलेली शिवण बघून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "ही कुणी घातली गं टीप? आण उद्या सुई." दोन दिवसांत त्या साध्या वॉर्डात जाणार होत्या. दुसऱ्या सकाळी राऊंडला मोठ्या सरांनी तीन नंबरची चिघळलेली जखम दाबून बघितली आणि तेच हात घेऊन बाईंच्या मानेतली सलाइनची नळी चाचपायला वळले. तू मध्ये उभी राहिलीस. "सर, आधी हात." एवढेच तीन शब्द. सर म्हणाले, "आता तू मला शिकवणार?" आणि कोपराने तुला बाजूला सारलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी पाच पावलांवर होते. मी हातातल्या फाइलमध्ये डोकं घातलं.

तिसऱ्या दिवशी बाई थंडीने दात वाजवायला लागल्या. कुणाला न विचारता तू त्यांचं रक्त तपासणीला पाठवलंस. जंतू निघाला तो तीन नंबरच्या जखमेतलाच. सरांनी रिपोर्टची घडी घालून खिशात टाकली. त्याच संध्याकाळी तुला कामावरून काढलं. कारण काय, तर वरिष्ठांशी उद्धट वर्तन. पुढचं तू पाहिलं नाहीस. बाई आठ दिवस झुंजल्या. शेवटी बोटांची टोकं काळी पडली होती. त्या सुई धरणाऱ्या बोटांची. त्या गेल्या त्या दिवशीही फलकावरचा आकडा एकाने वाढला.

गेल्या मंगळवारी दुपारी त्यांचे यजमान आले. भिंती रंगवायचं काम करतात. बराच वेळ दाराशी घुटमळले. मग म्हणाले, "सिस्टर, सर म्हणाले की जंतू बाहेरून येतात, नातेवाइकांच्या हातांवरून. माझ्या नखांतला रंग कधी पुरता निघायचाच नाही. मी घासायचो हो, तुमच्या भिंतीवरच्या चित्रात दाखवलंय तसं. माझ्यामुळे तर नाही ना गेली ती?" आणि त्यांनी हात पुढे केले. ब्रशने घासून घासून सालटी निघाली होती. अजूनही घासत होता तो माणूस, बायको जाऊन दीड महिना झाला तरी.

मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी शेवटी एवढंच विचारलं, "तुम्ही तिथेच होतात?" म्हटलं, होते. मी पुढे केलेला पाण्याचा पेला टेबलावर तसाच सोडून ते निघून गेले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लॅबच्या बाईंनी रिपोर्टची प्रत काढून दिली. ती जोडून, जे बघितलं ते सगळं मी लिहून दिलंय. चौकशी समिती नेमली आहे, सोमवारी तुला फोन येईल. तिथे तुला तुझ्यावरची तक्रार दाखवतील. ती मोठ्या सरांनी केली असं तू आजवर धरून चाललीस, आणि मी तुला तसं धरून चालू दिलं. सरांनी माझी फक्त सही मागितली होती, मजकूर सगळा मीच लिहिला. 'उद्धट' हा शब्द माझा आहे. दोन पानं मी घरी बसून, खाडाखोड नको म्हणून पुन्हा नीट उतरवून काढली. अक्षर तू ओळखशीलच, तुला ड्युटीची वही लिहायला मीच शिकवलं होतं. परक्यांसमोर ते कागद बघून तुला धक्का बसू नये, म्हणून हे पत्र. माफी मागायला तोंड नाही, मागतही नाही. फक्त समितीसमोर जुन्या मायेपोटी मला वाचवू नकोस. जे झालं ते सांग, माझ्यासकट.

तुझीच, पण त्या सकाळी तुझी नसलेली,
मोठी सिस्टर