राखनगरचा तिसरा भाग

३ जानेवारी, सकाळी ६
'राखनगर'चा तिसरा आणि शेवटचा भाग हातात आला. नीटची परीक्षा चार महिन्यांवर. संयम काय असतो ते अख्ख्या लातूरला दाखवून देणार. पुस्तक पेटीच्या तळाशी. परीक्षेपर्यंत हात लावायचा नाही.

सकाळी ९
फक्त पहिलं प्रकरण.

५ जानेवारी
पान २१०. दोन भाग बंड करणारी झारा इथे नुसती खिडकीत बसते! आणि ते शहर. म्हणे मुलांना मार्कांप्रमाणे बाकांवर बसवतात, आईबापांना महिन्यातून एकदाच भेटू देतात. असं कुठे असतं का? लेखकाने जरा खऱ्या जगात फिरून यावं.
फिजिक्स उद्यापासून.

६ जानेवारी
क्लासच्या टेस्टचा निकाल. बावन्नावरून अठ्ठ्याहत्तरावा. बाक मागे गेला. फळा दिसत नाही, पण वाचायला निवांत.

७ जानेवारी
संपलं. छे! झारा लढाई अर्धवट टाकून गावी जाते आणि आईच्या किराणा दुकानात बसते. समाप्त. यासाठी वर्षभर वाट पाहिली? डोकंच फिरलं.
नवा शेवट मी लिहिणार. रोज दहा पानं. आलियाला दाखवणार. ती क्लासमधली, हिमायतनगरची, नंबर चौथा. पहिले दोन भाग तिनेच दिले होते. पाण्याच्या टाकीपाशी रोज पाच मिनिटं आम्ही राखनगरवर बोलतो. बाकी काही नाही. रूममेट वैजनाथ उगाच हसतो.

९ जानेवारी
आलियाला तिसरा भाग दिला होता, तो तिने वाचून परत दिला. म्हणाली, मला तर लई आवडला शेवट. मी पळपुटेपणाचा मुद्दा समजावला. म्हणाली, तिला घरीच जायचं होतं की रे, कुणी विचारलंच न्हाई. डोळे लाल होते. सर्दी असेल.

१४ जानेवारी
नवा शेवट : साडेतीन ओळी. सुरुवात दणदणीत. लिखाणाला संक्रांतीची सुट्टी दिली. आलियाने विचारलं, झालं का लिहून? म्हटलं, रविवारी नक्की. म्हणाली, त्याच्या आधी देता येईल तर बघ. का, ते विचारायचं राहिलं. मी चौथ्या ओळीचा विचार करत होतो.

१८ जानेवारी, रविवार
आलियाचे अब्बा आले होते. गादी, बादली, पुस्तकं घेऊन ती कायमची गावी गेली. डॉक्टर व्हायचंच नव्हतं म्हणे. मला वैजनाथने सांगितलं. फार वाईट वाटलं. दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही.

१९ जानेवारी
चौथी जागा रिकामी, म्हणून सरांनी मागच्या सगळ्यांना एकेक बाक पुढे सरकवलं. मी सत्त्याहत्तरावा. वॉर्डनच्या फोनवरून घरी मुखेडला कळवलं. आई खूश झाली. म्हणाली, असाच अभ्यास करत राहा.