शेवटचा गडी काठाला लागेपर्यंत

आगरदांडा
नारळी पुनवेनंतरचा तिसरा दिवस, १९५८

प्रिय वेणूताई,

तुझं पत्र वैशाखात आलं. हे जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते, उत्तर सुचलंच नाही. आज मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचे सदाभावजी पुनवेला खाडीतल्या पोहण्याच्या शर्यतीत दुसरे आले. डोळ्यांनी दिसत नसताना, सगळ्या गड्यांबरोबर, त्याच पाण्यात.

धुकं पडलं की होड्यांना काठ कळावा म्हणून हे धक्क्यावर पितळी थाळी वाजवत, तुला आठवत असेल. त्याच आवाजावर यांनी धाकट्या भावाला पोहायला शिकवलं. गेल्या साली भावजी शर्यतीत उतरले, पण लोकांच्या ओरड्यात थाळी ऐकू येईना आणि ते खडकांवर गेले. म्हणून यंदा पंच म्हणाले, आंधळ्याला पाण्यात सोडायचं नाही, त्याला मानाचा नारळ देऊ. भावजी म्हणाले, नारळ नको, नियम करा. थाळी वाजेल आणि शेवटचा गडी काठाला लागेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. दर साली पहिला येणारा मोरू म्हणाला, म्हंजे सदाला वाट दावायची, आमाला न्हाय? त्यावर भावजी म्हणाले, तुला काठावरचा झेंडा दिसतो, मी कधी झेंडा काढा म्हनलो? आन् थाळी तुलाबी ऐकू येल, का कानांत बोळा हाय? मोरूसुद्धा हसला. पंचांनी मान्य केलं.

थाळी कोण वाजवणार? भावजी म्हणाले, वैनी. दादाचा ठेका तिलाच ठावं. सणाच्या दिवशी मी अशी पुढे कशी जाणार? शेवटी शेजारच्या आवडाबाईने माझा दंड धरून मला धक्क्यावर उभं केलं.

ताई, सगळा कोळीवाडा गप्प होता. आवडाबाईची हाक पलीकडे दिघीला ऐकू जाते, पण तीही तोंडात पदर कोंबून बसली होती. मध्येच पाण्याच्या ओढीने भावजी खडकांकडे जाऊ लागले. ठेका मी मोडला नाही. त्यांनी डोकं वर काढून कान दिला आणि वळले. मोरू पहिला, मागोमाग भावजी. तरी कोणाला ओरडता येईना, कारण आमच्या वाड्यातला चंदर अजून पाण्यात होता, म्हशीसारखा निवांत. मोरू धापा टाकत, ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना दाबत होता. चंदरचे पाय वाळूला लागले आणि जो कल्लोळ उठला, त्यात मीही होते. हे गेल्यापासून माझा आवाज मीच ऐकला नव्हता.

तू लिहिलं होतंस, देवीच्या आजारात तुझ्या लेकीचे, राहीचे डोळे गेले तेव्हापासून तुझ्या सासूबाई तिला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत, आणि आता तिचं काय करू. पाऊस सरला की चौलहून तिला घेऊन ये. भावजी तिच्याबरोबर पाण्यात उतरतील. काठावर मी असेन. थाळी घासून ठेवली आहे.

तुझीच धाकटी,
केसर