पहिल्या रसाचा पलंग

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न., आणि त्यामागोमाग धाकट्याची नेहमीची कुरकुर, की माझ्या चार पत्रांना तुझं एक उत्तर येतं.

भाचीला बाळ होईपर्यंत पडून राहायला सांगितल्याचं कळलं. जिचा पाय घरात कधी ठरला नाही, तिला ही शिक्षाच. तुमच्या त्या कुरकुरणाऱ्या खाटेवर तिचे हाल होतील, म्हणून मी तिच्यासाठी पलंग केला आहे. कारखान्यात भंगार वितळवायची नवी भट्टी लागली. आमच्याकडे रीत अशी, की नव्या भट्टीचा पहिला रस विकायचा नाही. त्याचं लोखंड कामगारांनी वाटून घरी न्यायचं. कुणी तवा केला, कुणी खिडकीचे गज. मी सळया घेतल्या आणि जोडण्या-घासण्यापासून सगळं स्वतः केलं. घासताना इतका माखलो होतो, की तुझ्या भावजयीनं मला अंगणातूनच परत पाठवलं.

एक गंमत सांगतो. भंगारातून किरण सोडणारी एखादी वस्तू चुकून आली तर कळावं म्हणून ट्रकच्या फाटकावर यंत्र बसवलं आहे. आम्ही कामगार मागच्या दारानं ये-जा करतो. तसं काही असलं की भोंगा वाजतो. मध्यंतरी ड्रायव्हरकाकांचा ट्रक आला आणि तो वाजला. अख्खा ट्रक रिकामा केला, हाती काही लागेना. शेवटी कळलं, की काकांच्या हृदयाची तपासणी झाली होती आणि त्यात किरणांचं औषध टोचतात. काका नुसते चालत आले तरी भोंगा वाजायचा. तेव्हापासून त्यांचा ट्रक आला आणि भोंगा बोंबलला, की आम्ही काकांना सलाम ठोकून फाटक उघडतो. औषध उतरायला हवं होतं, पण काका अजून वाजतातच. आज पलंग घेऊन बाहेर पडले तेव्हाही वाजले.

मेहुण्यांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
धाकटा

ता. २८ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. उत्तर उशिरा देते, कारण घर मी एकटी चालवते आणि तू फक्त पत्रं लिहितोस.

पलंग पोचला. तुझी भाची त्यावर राणीसारखी पडून असते. मामानं जगातलं सगळं लोखंड यातच घातलं का, असं विचारते. दोन दिवस उलट्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, अशा दिवसांत व्हायचंच.

यांचं मात्र डोकं फिरलं आहे. त्यांच्या फोटोंच्या फिल्म त्या खोलीच्या भिंतीपलीकडे कपाटात असतात, ते तुला माहीत आहे. सगळ्या धुरकटताहेत. एका लग्नातले सगळे वऱ्हाडी धुक्यात उभे राहिल्यासारखे आलेत. पैसे परत करावे लागले. दुकानदाराशी भांडून झालं. काल यांनी न वापरलेली एक फिल्म सहज धुऊन पाहिली, तर तिच्यावर किल्ल्यांचा जुडगा उमटलेला. तो कपाटात फिल्मच्या डब्यावर टांगलेला असतो. कुणी फोटो काढला नाही, दिवा लावला नाही, आणि किल्ल्या अगदी दातांसकट आल्या. मी ती फिल्म घरात ठेवू नका म्हटलं. हे मला हसले, पण त्यांनीही ती बाहेर ठेवली.

पलंगाच्या उशाकडचा लोखंडी गोळा सैल झाला आहे, त्याचे आटे गेलेत. टपालानं पाठवते, नीट करून दे. प्रकृतीला जप, आम्हाला विसरू नकोस.
तुझी,
ताई

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. माझी तार मिळून भाची त्या खोलीतून बाहेर आली असेल, असं धरून चालतो. नसेल, तर हे पत्र खाली ठेव आणि आधी तिला बाहेर काढ.

आज पोस्टमन सायकलवरून फाटकातून आला आणि भोंगा वाजला. ट्रक नाही, काका नाहीत. पोस्टमनला पिशवी बाहेर ठेवून यायला सांगितलं, तर भोंगा बंद झाला. मग एकेक वस्तू आत आणली. पलंगाच्या गोळ्याचं तुझं पार्सल आणलं आणि तो वाजायला लागला. ते उचलून परत बाहेर नेईपर्यंत थांबला नाही.

काकांच्या अंगातलं औषध कधीच उतरलं होतं, ताई. नंतर वाजत होतं ते त्यांच्या ट्रकमधलं भंगार, आणि आम्ही सलाम करत होतो. ते पहिल्या रसात वितळलं. साहेब म्हणतात, ते किरण दिसत नाहीत, वास येत नाही, गरम लागत नाही. माणसं आता घरोघर तवे आणि गज गोळा करत फिरताहेत. तुमच्याकडेही येतील. त्या पलंगाला कुणी हात लावू नका. मला लिहवत नाही.
तुझा,
धाकटा

ता. १२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. तार आली तेव्हा ती झोपली होती. आम्ही दोघांनी तिला उचलूनच बाहेर आणलं.

माणसं आली. हातातलं यंत्र दारातच कडकडायला लागलं आणि पलंगाशी नेल्यावर त्याचा एकच सलग आवाज झाला. पलंग शिसं लावलेल्या पेटीतून नेला. आता खोलीत काही नाही, असं सांगून गेले. तरी कुणी आत पाऊल टाकत नाही.

बाळाचं काय, असं मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. झाल्यावर बघू, म्हणाले. मी तुझ्यावर फार चिडले होते, ते लपवत नाही. हे म्हणाले, त्यानं जीव ओतून केला होता. मला रडूच आलं. भाची सारखी तुझी वाट बघते. एकदा येऊन जा.
तुझी,
ताई

ता. २ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. निघणारच होतो. अंघोळ करून, नवे कपडे घालून, रिकाम्या हातांनी साहेबांची रजा घ्यायला पुढच्या बाजूनं, ट्रकच्या फाटकातून गेलो. फाटकात भोंगा वाजला. मागे कुणी आहे का म्हणून वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

घासताना उडालेली लोखंडाची पूड श्वासातून आत गेली आहे. मला वेगळ्या खोलीत ठेवलंय. तुझी भावजय काचेपलीकडून बोलते. डॉक्टर म्हणतात, बाहेरच्यांना तसा धोका नाही. पण ताई, माझ्या हातच्या वस्तूवर तिला झोपवलं, आता मीच तिच्याजवळ येऊ? बाळ झालं की लांबून दाखव. तेवढं केलंस तरी पुरे.
तुझा,
धाकटा

ता. २५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक नव्हे, होते नव्हते ते सगळे आशीर्वाद.

मुलगी झाली. हाताची बोटं मोजली, पायाची मोजली. रडते तर गल्ली ऐकते. डॉक्टर म्हणतात, आज सगळं ठीक दिसतंय, पुढचं काही वर्षांनी कळेल. ती वर्षं आम्ही कशी काढणार, ते त्यांनी सांगितलं नाही. रक्त मात्र दर महिन्याला तपासायचं आहे, दोघींचंही.

एक वेड लागलं आहे आम्हाला. तिला कशावर ठेवायलाच धजत नाही. पाळणा आणला तो तसाच पडून आहे. लाकडी आहे, तरीही. म्हणून ती सारखी कुणाच्या तरी हातात असते. भाची दमली की मी घेते, मी दमले की हे. तुझ्या डॉक्टरांशी हे स्वतः बोलले. एकदा तुला सोडलं, की तुझ्यापासून कुणालाच धोका नाही, बाळालाही नाही, असं ते म्हणाले. मग भाचीला विचारलं. तिनं मला एवढंच लिहायला सांगितलंय, की आमचे हात भरून आलेत, मामाची पाळी राहिली आहे.

सोडतील तेव्हा सोडतील. पाळी तुझीच आहे, ती दुसऱ्या कुणाला देणार नाही.
तुझी,
ताई