शिव्या इथवर पोचत नाहीत

तीर्थरूप बाबा,

शुद्ध लिहूनही वाक्याखाली नागमोडी रेघा सोसणाऱ्या तुम्हा सगळ्या मुद्रितशोधकांना माझा नमस्कार!

आईला सांगा, मी ठणठणीत आहे. फक्त किळस आलीय. आमच्या मोफत लेखन-सॉफ्टवेअरमधली मराठी व्याकरण-तपासणी सुधारायला मी वेळ मागितला, तर प्रमुख हसले. "चार वर्षांत मराठीतून एक तक्रार नाही. लोक खूश आहेत की, बाई!" तक्रार नाही म्हणजे कुणाला गरजही नाही, असं धरून महिनाअखेरीस ते ती तपासणीच काढून टाकणार आहेत.

खूश? तुम्ही रोज टेबल बडवत त्या रेघांना शिव्या घालता, पण त्या शिव्या फक्त आई ऐकते. तिचं डोकं अजून दुखतं का?

निमूट सोसणाऱ्यांचीही शिसारी येते, बाबा. तुमचीसुद्धा.

आजच चुकीची रेघ आलेलं एक वाक्य, स्वतःच्या नावानिशी, आमच्या तक्रारींच्या पानावर टाका.

तुमचीच भांडखोर लेक