सेड्रिकशेजारची खुर्ची

लडलो, ३ मार्च

चि. एनिड हिला ताईचे आशीर्वाद. वि. वि.

फोन केला नाही, कारण सेड्रिक कान लावून असतो. गुरुवारी दुपारी जेवणाच्या वेळी चर्चमध्ये आमचं ते फुकटचं वादन आहे. तुझा भावोजी सेड्रिक पियानोला, आणि लग्न झाल्यापासून मी त्याच्या डाव्या हाताला, खुर्चीवर, सुरांच्या वहीची पानं उलटायला. मला सूर वाचता येत नाहीत, पण ह्याने मान हलवली की पान उलटायचं, एवढं येतं.

आता मोझार्ट वाजवायचाय म्हणून व्हायोलिनला कुणी लिडिया पेनरोज आलीय. विधवा, ताठ, गळ्यात मोती. तिने ह्याला एक काचेची पाटी दिली, सूर त्या पाटीवरच दिसतात. पायाने कळ दाबली की पान आपलं आपण उलटतं. हा मला म्हणतो, मेव्हिस, या वेळी तू समोर बस, निवांत सँडविच खा. निवांत! मी काय सँडविचवाचून मरत होते? तालमी माझ्याच घरात, माझाच चहा ढोसून. मी गुरुवारी जाणारच नाही.

माया पातळ करू नकोस.
तुझी जळकी ताई

व्हिटबी, ६ मार्च

ती. ताईस एनिडचा नमस्कार.

हसता हसता चहा सांडला. अगं, या वयात सवत मिळाली तीही कळ दाबली की चालणारी! आणि मोझार्टच्या काळात म्हणे पियानो नवरदेव, व्हायोलिन नुसती करवली. मग कसली घाबरतेस? जा तू. घरी बसलीस तर चर्चमध्ये घडणार नाही ते सगळं तुला डोळ्यांपुढे दिसेल. सूपही मिळतं ना तिथे?

लोभ आणि टोमणे, दोन्ही चालू ठेव.
धाकटी एनिड

लडलो, १२ मार्च

चि. एनिड, अनेक आशीर्वाद.

गेले. खांबाजवळच्या बाकावर बसले, कोटसुद्धा काढला नाही. बाई वाजवते चांगलं, हे लिहायला हात जड होतोय. सुरुवातीला दोघांनी एकमेकांकडे बघून एकदम श्वास घेतला. मी कोटाचं वरचं बटणही लावून टाकलं.

मग संथ भाग आला. ह्याचा चेहरा बघायचा होतास! भुवया वर, ओठ पुटपुटताहेत, कुणाचं तरी बोलणं मनापासून पटल्यासारखा. म्हटलं, संपलं, हे तिच्यासाठी. तेवढ्यात ती थांबली, खाली बघत उभी राहिली, हा एकटाच वाजवत होता. चेहरा तस्साच! म्हणजे हा असाच वाजवत आला असणार, इतकी वर्षं. मला कुठून दिसणार? माझी नजर पानावर, आणि मान हलली का बघायला वळले तर त्याचा डावा कान.

घरी आल्यावर ओशाळून म्हणाला, कळ पायाखालून सटकते गं, पुढच्या वेळी तूच ये खुर्चीवर. मी म्हटलं, नाव काढू नकोस. कळ नीट बसव. मी समोरच बसणार.

जळते मात्र अजून. ती उभी राहते तिथून त्याचा अख्खा चेहरा दिसतो. तिथे उभं राहायला व्हायोलिन यावं लागतं, नाहीतर ती जागाही मागितली असती.

धाकटीने ताईला विसरू नये.
मेव्हिस