निरोपातलं एक नाव

३ ऑक्टोबर

"इबोया, निरोपात नाव गाळलंस, तर जिवंत माणसाला पुरलंस असं समज." वीस वर्षांपूर्वी आमचे जुने पाळक बेर्तलनकाका म्हणाले होते. मी चर्चची नवी पाळक. शवपेटीपाशी उभं राहून, मेलेल्याच्या वतीने एकेका नातलगाचं नाव घेऊन निरोप कसा घ्यायचा, ते शिकवत होते.

आज तेच काका अंथरुणातून म्हणाले, "माझ्या निरोपात लोरिंत्सचं नाव नको."

लोरिंत्स त्यांचा एकुलता मुलगा. लग्नासाठी आमचा युनिटेरियन पंथ सोडून कॅथलिक झाला. अकरा वर्षं बापलेक बोललेले नाहीत. आणि काकांनी जन्मभर इतिहास लिहिला तो कशाचा — तोर्दाच्या ठरावाचा! श्रद्धेपायी कुणाला छळू नये, हा १५६८ सालचा ठराव.

म्हटलं, "काका, तुमचंच पुस्तक वाचून दाखवू का?"

"वाच. चष्माही माझाच घे."

पुढे वाद घातला नाही. फार थकलेत.

९ ऑक्टोबर

गेले. चर्चची घंटा वाजली. निरोप लिहायला बसले. एक ओळ तीनदा लिहिली, तीनदा खोडली.

११ ऑक्टोबर

आज दफन. लोरिंत्सचं नाव घेतलं नाही. मरणाऱ्याचा शब्द मोडवेना.

लोरिंत्स आला होता. अंगणात नाही — फाटकाबाहेर, अक्रोडाखाली, टोपी हातात. काकांची बायको रोझालियाकाकू, बहीण, भाचे, शेजारी, घंटा वाजवणारा म्हातारा गेर्गेईसुद्धा — सगळ्यांचा निरोप घेतला. प्रत्येक नावाला तो मान वर करत होता. मग मी आमेन म्हटलं. त्याने टोपी घातली. दफनानंतर गोड पाव वाटतात, त्यालाही थांबला नाही.

१४ ऑक्टोबर

पाऊस. प्रवचन सुचत नाही.

१९ ऑक्टोबर

काकांची हस्तलिखितं बांधायला गेले होते. रोझालियाकाकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू ऐकलंस कसं गं त्यांचं?"

"त्यांनीच सांगितलं होतं, काकू."

"तुला ते सांगितलं. मला काय सांगितलं, ठाऊक आहे? क्लुजहून मोठे पाळक यायला तयार होते. हे म्हणाले, 'नको, इबोयालाच बोलाव. माझं एक अक्षर ती कधी ऐकत नाही. माझ्या तोंडून ते नाव निघत नाही, ती घेईल.'"

सुतळी हातातच राहिली. वीस वर्षं त्यांच्याशी भांडले. एकदाच ऐकलं.

२० ऑक्टोबर

लोरिंत्सला पत्र टाकलं. काकू म्हणाल्या ते सगळं लिहिलं. चूक माझी, हेही. मग शेवटी — २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी थडग्यापाशी ये, बायकोलाही आण. तो निरोप मला पुन्हा घेऊ दे, पहिलं नाव तुझं. तू नाहीच म्हणशील, काकांसारखाच. तरी ये.