कालचा आकडा

प्रिय दादा,

"नदी चोर नाही गं, इथून उचललेलं ती खालच्या वळणावर नेऊन ठेवते," हे बाबांचं वाक्य आठवतं तुला? वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी धावतं आणि काठ पोखरतं, आतल्या अंगाला रेंगाळतं आणि वाळू टाकतं. आपलं घर बाहेरच्या अंगाला, म्हणून रोज सकाळी चहाआधी उंबरा ते काठ मोजणी. टेपच्या टोकाचं कडं घेऊन बाबा काठावर जायचे, आपल्यापैकी कुणीतरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेपची डबी धरून बसायचं. तिकडून दोन हिसके यायचे आणि हाक, "किती?" कालच्यापेक्षा हातभर जरी कमी भरलं तरी बाबा लगेच मागे पळायचे, काठ खालून पोकळ झाल्याची ती खूण. तू म्हणायचास, बाबा नदीची हजेरी घेतात आणि ती बया रोज एक पाऊल पुढे येऊन "हजर" म्हणते.

परवा मोजणी खात्याचा माणूस आला होता. वळण इतकं फुगलंय की त्याच्या दोन टोकांमधली जमीन चाळीसच मीटर उरली. येत्या पुरात ती फुटेल, नदी सरळ निघून जाईल आणि आपल्या दारात नुसतं साचलेलं तळं राहील. "सुटलात, ताई," म्हणाला. मी त्याला चहा दिला, पण नदी इतक्यात जायला नकोय मला.

कारण ती टेप. बाबा गेल्यापासून खिळ्याला टांगलेली. महिन्यापूर्वी एका सकाळी ती उंबऱ्यावरून काठापर्यंत सरळ ताणलेली दिसली. काठावर कुणी नव्हतं. डबी उचलली आणि दोन हिसके बसले. मी आकडा वाचला, सहा मीटर, आणि ओरडून सांगितला. टेप सैल पडली. गुंडाळली तर कडं ओलं होतं, आणि कोमट. कुणीतरी आत्ताच मुठीतून सोडावं तसं. तेव्हापासून रोज खरा आकडा सांगते, तरी दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच ओढ. आज पाच भरले.

बाबांच्या शेवटच्या सकाळी डबी धरायची पाळी तुझी होती. तू मित्राकडे निघून गेलास म्हणून बाबा गेले, असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, आणि तू खाली मान घालून घर सोडलंस. पण उंबरा रिकामा नव्हता, दादा. तुझ्या जागी मी बसले होते. कंटाळले होते. टेपकडे न बघताच कालचा आकडा ओरडले, एकवीस. बाबा निर्धास्त उभे राहिले. मग धप्पकन आवाज. डबीकडे मी नंतर पाहिलं. वीस. पंचवीस वर्षं हे कुणालाच सांगितलं नाही.

नदी जायच्या आत एकदा ये. उंबऱ्यावर बस, डबी धर. या खेपेला काठावर मला जायचंय, कडं त्यांच्या हातून घ्यायचंय. तू खरा आकडा ओरड, मी ऐकून मागे फिरेन. तू नाहीच म्हणशील, ठाऊक आहे मला. तुझ्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं. तरी ये.

तुझीच,
धाकटी